नंबर तेच, नाव नवं

वाचकाचं पत्र

मी ३१ वर्षांचा ट्रान्स पुरुष आहे. नाशिकला एका खासगी कंपनीत २०१६ पासून नोकरी करतो, पगार २३ हजार. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून ट्रान्सजेंडर कायद्याच्या सातव्या कलमाखालचं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळालंय, दोन्हींवर लिंग ‘पुरुष’ आहे. आता पुढचं कळत नाही. बँकेतल्या ताई म्हणाल्या, नव्या नावाने नवं खातंच उघडा, सोपं पडेल. मित्र म्हणतो, पॅनही नवाच काढ. शाळेत गेलो तर ‘दाखल्यावरचं नाव एकदा आलं की आलं’ असं सांगून परत पाठवलं. आधी आधार की आधी पॅन? मधल्या काळात पगार अडकला तर? आईबरोबर जॉइंट खातं आहे, गाडी माझ्या नावावर आहे, एक कर्ज चालू आहे. आणि प्रत्येक खिडकीवर सगळी कहाणी सांगावी लागणार का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर

पत्रात तुम्ही जुनं नावही लिहिलं होतं, ते आम्ही छापलेलं नाही. यापुढे तुम्हीही गरज नसेल तिथे ते लिहू नका. कुठे गरज असते आणि कुठे नसते, ते पुढे येईलच.

आधी त्या दोन सल्ल्यांबद्दल. दोन्ही बाजूला ठेवा. नवं काहीही काढायचं नाही, आहे त्याच नोंदीत नाव आणि लिंग बदलून घ्यायचं. एका माणसाकडे दोन पॅन असणं कायद्याला चालत नाही आणि त्याला १०,००० रुपये दंड होऊ शकतो. दुसरं आधार काढायला गेलात तर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं जुन्या नोंदीशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. मतदार यादीत नव्याने नाव घालायला फॉर्म ६ भरला तर आधीच नोंद असताना दुसरी नोंद मागितल्यासारखं होतं. नव्या खात्याचंही तेच. तुमचं कर्ज, पगाराचा इतिहास आणि वेळेवर भरलेले हप्ते सगळे जुन्या खात्याला चिकटलेले आहेत, आणि दोन्ही खात्यांना जोडणारा कागद मग तुम्हालाच आयुष्यभर दाखवत बसावा लागेल. सरकारी यंत्रणेला माणूस नंबरावरून ओळखू येतो. तो नंबर सांभाळला की नाव बदलणं ही साधी दुरुस्ती होते, नंबर सोडला की तुम्ही दोन माणसं होता.

कायदाही हेच धरून चालतो. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा १० जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि त्याखालचे नियम त्याच वर्षी आले. त्या नियमांत स्पष्ट आहे की दुरुस्त कागदावर मूळ कागदाचाच अनुक्रमांक किंवा संदर्भ क्रमांक राहील. नियमांसोबतच्या परिशिष्ट १ मध्ये कोणकोणते कागद बदलून द्यायचे त्यांची यादी आहे. जन्मदाखला, जातीचा दाखला, शाळा-बोर्ड-विद्यापीठाची प्रमाणपत्रं, मतदार ओळखपत्र, आधार, पॅन, वाहन परवाना, बँकेचं पासबुक आणि पासपोर्ट हे सगळे त्यात येतात. प्रमाणपत्र जोडून अर्ज केल्यावर बदल १५ दिवसांत करून द्यावा, असंही नियम सांगतात. प्रत्यक्षात १५ दिवस क्वचित पाळले जातात, पण अर्जात हा आकडा लिहिलेला असला की फाइल टेबलावर जरा वर सरकते. या परिशिष्टाची छापील प्रत फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा. खिडकीवरच्या माणसाने कायदा वाचलेला नसतो, पण यादीत आपल्याच खात्याचं नाव दिसलं की त्याचा सूर बदलतो.

कलम ७(३) नुसार तुम्हाला जन्मदाखल्यावरचं आणि इतर कागदांवरचं पहिलं नाव बदलण्याचा हक्क मिळतो. पहिलं नाव, एवढंच. वडिलांचं नाव किंवा आडनावही बदलायचं असेल तर या प्रमाणपत्राच्या जोरावर होणार नाही, त्याला राजपत्रच, म्हणजे सरकारी गॅझेटमधली नावबदलाची जाहिरातच लागेल. आमच्या मते पहिलंच नाव बदलायचं असलं तरी राजपत्र करून घ्यावं, कारण बँका आणि बोर्डं तेच मागतात आणि तिथे वाद घालण्यात जेवढे दिवस जातात त्याहून कमी दिवसांत राजपत्र हाती येतं.

राजपत्राच्या अर्जाआधी एक संध्याकाळ काढून कागद-पेन घ्या आणि नवं नाव लिहून ठरवून टाका. देवनागरीत आणि रोमनमध्येही. हे बिनमहत्त्वाचं वाटतं, पण निम्मे अर्ज इथेच अडकतात. समजा नाव ‘वेदांत’ ठरलं, तर रोमनमध्ये शेवटी ‘टी’ की ‘टीएच’? वडिलांचं नाव आधारवर पूर्ण आहे की फक्त आद्याक्षर? दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं असतं आणि आधारवर शेवटी, मग राजपत्रात कोणता क्रम? एक शुद्धलेखन आणि एक क्रम ठरवा आणि पुढे प्रत्येक अर्जात तेच, अक्षर न् अक्षर. मग सगळे जुने कागद पसरून बघा, तुमचं जुनं नाव प्रत्येकावर एकसारखं आहे का. बऱ्याच जणांचं नसतं. पॅनवर वडिलांचं नाव नाही, दाखल्यावर आहे, बँकेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं, असं असतं. जुन्या नावाची अशी जेवढी रूपं असतील तेवढी सगळी ‘उर्फ’ लावून राजपत्राच्या जाहिरातीत घाला. एक रूप सुटलं तर ज्या कागदावर ते आहे तो कागद तुमचा असल्याचं सिद्ध करायला पुन्हा प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज शासन मुद्रण व लेखनसामग्री संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो. जाहिरात प्रसिद्ध झाली की तो अंक उतरवून घ्या. ज्या पानावर तुमची नोंद आहे ते पान आणि अंकाचं पहिलं पान, दोन्ही हवीत, कारण तारीख पहिल्या पानावर असते आणि नुसतं आतलं पान नेलं तर परत पाठवतात. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. राजपत्र सार्वजनिक असतं, त्यात जुनं आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापलेलं राहतं आणि ते मागे घेता येत नाही. ही अडचण खरी आहे, पण आपल्याकडे अजून याला दुसरी वाट नाही.

सोबत नोटरीसमोर ‘एकच व्यक्ती’ असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जुनं नाव, नवं नाव, राजपत्राची तारीख आणि प्रमाणपत्राचा क्रमांक त्यात यायला हवा. मग फाइल अशी लावा: प्रमाणपत्र, ओळखपत्र, राजपत्राची दोन पानं, प्रतिज्ञापत्र आणि जुन्या नावाचं एक ओळखपत्र. प्रत्येकाच्या चार-पाच स्वसाक्षांकित झेरॉक्स. मूळ प्रमाणपत्र कोणाच्याही ताब्यात ‘दोन दिवसांसाठी’ देऊ नका. दाखवा आणि परत घ्या.

आता क्रम. आधार आधी, मग पॅन, मग बँक, मग ऑफिस आणि पीएफ. पॅन, बँक आणि पीएफ तिन्ही जण तुमची माहिती आधारशी ताडून बघतात, म्हणून आधार जुनं असताना दुसरं काहीही हलवलं तर ते नव्याने न जुळणारं होऊन बसतं. उलट आधार आधी बदललं तर बाकीच्यांना जुळवून घ्यायला काहीतरी असतं.

आधारसाठी केंद्रावरच जा. लिंग बदलायला तेच लागतं, आणि चेहरा बदलला असेल, दाढी आली असेल, तर फोटोही त्याच फेरीत नवा काढून घ्या. बायोमेट्रिक अपडेट करताना नाव-लिंगाची दुरुस्ती त्याच शुल्कात होते. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि लिंग एकदाच बदलता येतं, त्यापुढे प्रादेशिक कार्यालयाकडे खास विनंती करावी लागते. म्हणून ऑपरेटर सही घेण्याआधी पडद्यावरचं सगळं स्वतः वाचा. रोमन नाव टाकलं की मराठी नाव यंत्र आपोआप बनवतं आणि तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा, ‘त’ आणि ‘थ’चा घोळ हमखास होतो. ते तिथल्या तिथे हाताने दुरुस्त करून घेता येतं, नंतर नाही. पूर्ण नाव बदलताना राजपत्राबरोबर जुन्या नावाचं एखादं ओळखपत्रही जोडावं लागतं. हे न जोडल्यामुळे अर्ज फेटाळले जातात आणि लोकांना वाटतं की लिंगबदलामुळे फेटाळला. पत्त्यात जुन्या पद्धतीने ‘डी/ओ’ म्हणजे ‘कन्या’ अशी नोंद असेल तर ती ‘सी/ओ’ करून घ्यायला विसरू नका. लिंग पुरुष आणि पत्त्यात कन्या असं आधार दाखवलं की पुढचे सगळे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर या सगळ्या काळात अजिबात बदलू नका. पुढचं प्रत्येक काम ओटीपीवर चालणार आहे.

पॅनचा फॉर्म नव्या पॅनचा नको, पॅनमधल्या दुरुस्तीचा घ्या. त्यात डाव्या कडेला प्रत्येक रकान्यापुढे एक छोटी चौकट असते. जे बदलायचंय त्या चौकटीत खूण केली नाही तर तुम्ही नवं नाव कितीही सुवाच्य लिहा, ते बदललं जात नाही. नाव आणि लिंग, दोन्हींवर खूण करा. ‘कार्डावर छापायचं नाव’ हा वेगळा रकाना आहे, तिथेही नवं नाव हवं. वडिलांच्या नावाला हात लावायचं कारण नाही. आधार-पॅन आधीपासून जोडलेलं असेल तर नाव बदलताक्षणी ते तुटत नाही, पण मधल्या दिवसांत कोणी नव्याने पडताळणी केली तर फरक समोर येतो. त्यामुळे या दोन कामांच्या मध्ये नवं कर्ज, नवा म्युच्युअल फंड, नवं डिमॅट असलं काहीही सुरू करू नका. आयकराचा परतावा यायचा असेल तर तो खात्यात पडू द्या आणि मग पॅनला हात घाला, कारण परताव्यासाठी पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळावं लागतं. दोन्ही बदलून झाली की आयकराच्या पोर्टलवर बँक खात्याची पूर्वपडताळणी पुन्हा करून घ्या.

पगाराची काळजी समजण्यासारखी आहे, पण पगार साधारणपणे खाते क्रमांकावर जमा होतो, नावावर नाही. तो नंबर तोच ठेवलात तर नाव बदलल्यामुळे पगार परत जाण्याची शक्यता कमीच. नवं खातं उघडण्याच्या सल्ल्यात खरा धोका होता तो इथे. तरीही पगाराच्या तारखेच्या आसपास बँकेत अर्ज देऊ नका. पगार जमा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी द्या, म्हणजे केवायसीसाठी खातं मध्येच थोडं थांबलं तरी हातात जवळपास महिना असतो.

बँकेत ‘केवायसी अपडेट’ एवढंच म्हणू नका. लेखी अर्जात एकेक गोष्ट वेगळी लिहा: नाव, लिंग, संबोधन, सही, डेबिट कार्डावरचं नाव, चेकबुक, नेट बँकिंग, खात्याशी जोडलेलं कर्ज. संबोधन म्हणजे ते श्री./कु. नेहमी विसरलं जातं. लिंग ‘पुरुष’ आणि संबोधन ‘कुमारी’ अशी जोडी बऱ्याच ठिकाणी संगणक स्वीकारत नाही आणि अख्खी विनंती रद्द करतो. कर्मचाऱ्याला कारण कळत नाही, तो ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतो. सही बदलणार असाल तर आधी दिलेले पुढच्या तारखांचे चेक वटू द्या. नव्या सहीची नोंद झाल्यावर जुन्या सहीचा चेक परत येतो. कर्जाच्या हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, खाते क्रमांकावर चालतं, पण नाव बदलल्यावरचा पहिला हप्ता गेला की नाही ते स्वतः तपासा. आईबरोबरच्या खात्यात तुमच्याच नावाची दुरुस्ती आहे, आईच्या केवायसीला हात लागत नाही. तरी दोघांच्याही सह्या मागतील, त्या दिवशी आईला सोबत न्या.

शाखेने अर्ज घेतला की त्यावर तारखेसह शिक्का असलेली पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा असमाधानकारक आहे, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, वकील लागत नाही. तक्रारीला ही पोचच लागते.

कर्ज चालू आहे म्हणून क्रेडिट रिपोर्टकडे, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीकडे लक्ष द्या. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या नाव, जन्मतारीख, पॅन, लिंग आणि फोन जुळवून माणूस ओळखतात. बँकेने नवं नाव कळवलं आणि जुनी नोंद त्याला जोडली गेली नाही, तर तुमच्या नावाने दोन अर्धवट फाइली तयार होतात. एकीत कर्ज, दुसरीत कोरा कागद. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. बँकेतला बदल झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी तो मागवा आणि चुकलं असेल तर बँक आणि कंपनी दोघांनाही लिहा. दुरुस्तीला ३० दिवसांपेक्षा जास्त लागले तर दर दिवशी १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

ऑफिसात तुम्ही २०१६ पासून आहात, म्हणजे तुमचा यूएएन, पीएफचा कायमचा क्रमांक, १ ऑक्टोबर २०१७ च्या आधीचा असणार. त्या तारखेनंतर मिळालेला आणि आधारशी पडताळलेला यूएएन असता तर नाव-लिंग तुम्ही स्वतःच ऑनलाइन बदलू शकला असता. तुमच्या बाबतीत मात्र संयुक्त घोषणापत्र, म्हणजे तुम्ही आणि कंपनीने मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज, कंपनीमार्फत जाईल. त्यामुळे एचआरला एकदाच नीट लेखी अर्ज द्या आणि त्यात पीएफ, आरोग्य विमा, ओळखपत्र, ऑफिसचा ईमेल, हजेरीची यादी आणि फॉर्म १६ यांची नावं घ्या. पीएफमधलं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नसेल तर दावा फेटाळला जातो. म्हणून हे दोन्ही होईपर्यंत पीएफमधून पैसे काढायला जाऊ नका. आणि पगारपत्रकात एक छोटा बदल दिसेल, दचकू नका. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. पुरुषांना १०,००० च्या वर पगार असला की दरमहा २०० रुपये कापले जातात आणि फेब्रुवारीत ३००. तुमच्या २३ हजारांवर ही कपात आता सुरू होईल. ऑफिसात कोणी छळलं किंवा टाळाटाळ केली तर ट्रान्सजेंडर कायद्याच्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा. तो कोण, हे एचआरला आत्ताच विचारून ठेवा. हा प्रश्नच पुष्कळदा काम करून जातो.

शाळेचं काम सगळ्यात चिवट आणि सगळ्यात हळू. म्हणून ते रांगेत शेवटी ठेवू नका, आधारबरोबरच सुरू करून द्या. मुख्याध्यापक म्हणाले ते जुन्या सवयीतून आलंय. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदवहीत, खाडाखोड करायला त्यांना एकट्याला अधिकार नसतो, त्यांना वरून मंजुरी लागते. म्हणून तोंडी विचारूच नका. मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या, आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रांसाठी राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाला वेगळा अर्ज द्या. तिन्ही अर्जांत कलम ७(३) आणि परिशिष्ट १ मधली शिक्षण प्रमाणपत्रांची नोंद शब्दशः उतरवा. आवक क्रमांक घ्या. महिनाभर काही हललं नाही तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात एवढंच विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, तो सध्या कोणाच्या टेबलावर आहे आणि नकार असेल तर कोणत्या नियमाने? उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. लेखी नकार हाती आला तर वाईट वाटून घेऊ नका, पुढे उच्च न्यायालयापर्यंत जायचं झालं तर तोच कागद लागतो. ‘परत पाठवलं’ याला कागदावर काहीच किंमत नसते. पदवीचं प्रमाणपत्र असेल तर विद्यापीठ बोर्डाचा दाखला बघूनच हलतं, त्यामुळे तिथला अर्ज दहावीचा कागद हाती आल्यावर. मधल्या काळात नोकरीसाठी जुन्या गुणपत्रिकेबरोबर राजपत्र जोडून चालतं. आधारवर नाव बदलल्यावर डिजिलॉकर जुन्या नावाची गुणपत्रिका किंवा परवाना खेचायला नकार देऊ शकतं, म्हणून आधारच्या आधीच त्या उतरवून ठेवा.

जन्मदाखल्याचं वेगळं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ नुसार निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहून सही-तारीख टाकतो. रजिस्टरात जुनं नाव राहणारच. पण तुम्हाला मिळणाऱ्या दाखल्यावर दुरुस्त नाव यावं, अशी अर्जात स्पष्ट मागणी करा, नाहीतर दोन्ही नावं असलेला दाखला हातात ठेवतात.

मतदार यादीसाठी फॉर्म ८, ऑनलाइन किंवा बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यामार्फत. परवाना आणि गाडीचं आरसी आरटीओकडे. आरसी बदललं की गाडीच्या विम्यावरचं नाव लगेच बदला, अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी आधी नावच जुळवते. पासपोर्ट असेल तर तो ‘री-इश्यू’मध्ये जातो आणि नंबर बदलणारा हा एकच मोठा कागद. तरी नव्या पुस्तिकेत जुना नंबर नोंदलेला असतो, त्यामुळे दुवा तुटत नाही. परदेशाचं तिकीट काढलेलं असेल तर प्रवास झाल्यावरच अर्ज करा. शिधापत्रिका, गॅस, वीजबिल सवडीने.

ऑनलाइन खात्यांत लोक उत्साहाने आधी ईमेल बदलतात आणि अडकतात. जुन्या नावाचा ईमेल बंद करू नका. नवा उघडा, एकेका खात्यात तो पर्यायी म्हणून जोडा, मग मुख्य करा, आणि जुना निदान दोन वर्षं उघडा ठेवा. कुठल्या विसरलेल्या खात्याचा पासवर्ड कधी तिथे येईल सांगता येत नाही. यूपीआयवर पैसे पाठवणाऱ्याला तुमचं बँकेतलं नाव दिसतं, त्यामुळे बँक बदलेपर्यंत दुकानदाराच्या फोनवर जुनंच नाव झळकणार. पण यूपीआय आयडीतच जुनं नाव असेल तर तो आजच बदलता येतो. फेसबुकवर एकदा नाव बदललं की ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही, तेव्हा तिथलंही स्पेलिंग ठरलेलंच टाका.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती सांगायचं. ज्या कार्यालयाकडे जुनं नाव आधीच आहे, तिथेच जुना-नवा दुवा दाखवावा लागतो. तिथेही फक्त नाव बदलायचं असेल तर राजपत्र पुरतं, प्रमाणपत्र दाखवायची गरज नाही. लिंगाचा रकाना असेल तिथेच प्रमाणपत्र काढा. आधार आणि पॅन नवे झाल्यानंतर ज्यांच्याशी तुमचा संबंध नव्याने येणार आहे, नवं सिम, नवा भाडेकरार, नवी विमा पॉलिसी, त्यांना जुनं नाव कळण्याचं काही कारण उरत नाही. शस्त्रक्रियेचे, औषधांचे कागद कोणी मागितले तर देऊ नका. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे तो भाग तपासून झालाय. आरोग्य विम्याचा प्रस्ताव आणि डॉक्टर एवढेच अपवाद. विम्यात वैद्यकीय माहिती लपवली तर दावा नाकारायला निमित्त मिळतं. रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिनची सामान्य पातळी स्त्री-पुरुषांची वेगळी छापतात, त्यामुळे अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरांना हार्मोन्सबद्दल माहीत असणं तुमच्याच सोयीचं.

एक कटू भाग. महिला म्हणून मिळणाऱ्या सवलती स्वतःहून थांबवा. एसटीचं अर्धं तिकीट, लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये, कर्जावर महिलांसाठीची व्याजसवलत. यातलं काही घेत असाल तर संबंधितांना कळवा आणि पोच ठेवा. नंतर वसुलीची नोटीस येण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आणि आईच्या कागदांकडे बघायला विसरू नका. आईच्या बँकेत, पोस्टाच्या बचतीत, विमा पॉलिसीत, सोसायटीच्या भाग दाखल्यावर वारस म्हणून तुमचं जुनं नाव आणि ‘मुलगी’ असं लिहिलेलं असणार. ते बदलणं तुमच्या हातात नाही, आईने स्वतः नामनिर्देशनाचा नवा फॉर्म भरायला हवा. गावाकडे सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तिथे राजपत्र जोडून फेरफाराचा अर्ज वेगळा. जॉइंट खात्यासाठी आईला बँकेत नेणारच आहात, त्याच दिवशी बँकेचे नॉमिनीचे फॉर्मही भरून घ्या.